रिकाम्या बसमधला मागचा बाक

१४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. वाचून हसू आलं आणि रागही आला. "पेन्शन बंद करणार आहेत म्हणे, मग तू तिथे बसून काय करतेस?" हे काय विचारणं झालं? मी इथे बसून काय करते ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुमच्या गल्लीतल्या बातमीदारांची तोंडं तरी बंद होतील.

अर्थखात्यात आम्हा पाच जणांना एका वेगळ्या खोलीत बसवलंय. चौथा मजला, खिडकी उघडत नाही, आणि एकच पंखा, तो मोठ्या साहेबांच्या डोक्यावर. भिंतीवर पांढरा फळा आहे. साहेब रोज सकाळी आले की डबा ठेवायच्या आधी त्यावर एक आकडा लिहितात. सरकार कमावतं कमी आणि खर्च करतं जास्त, मधला फरक कर्ज काढून भागवतं, आणि आता व्याज इतकं वाढलंय की नवं कर्ज जुन्याच्या व्याजात जिरून जातं. त्या फरकाला तूट म्हणतात. ती पुढच्या वर्षी निम्म्यावर आणायची, हे आमचं काम.

सगळ्यात मोठे खर्च दोन, म्हाताऱ्यांची पेन्शन आणि दवाखाने. आणि मंत्र्यांनी भर सभागृहात शब्द दिलाय की या दोन्हींना हात लावणार नाही. साहेब म्हणतात, "स्वयंपाकघरातले दोन मोठे डबे झाकून ठेवलेत. आता मोहरी-हिंगाच्या डब्या झाडा आणि पोतं भरून दाखवा." बाकीचे चौघं या शब्दाला वैतागलेत. मला मात्र तो आवडला. बाबांच्या आजारपणात सरकारी दवाखाना नसता तर आपल्याकडे विकायला काय उरलं असतं, ते तुला माहीत आहे आणि मलाही. दोन वर्षं मी त्या दवाखान्याच्या बाकावर बसून काढली. तेव्हा काकांना सांग, आयुष्यभर सरकारी छापखान्यात हात काळे करून मिळवलेली त्यांची पेन्शन आणि तुमचा दवाखाना या खोलीत मी राखून आहे. हात लागला तर राजीनामा देईन आणि तुमच्याकडे भांडी घासायला येईन.

आणि तुझ्या शेजारणीला सांग, तिच्या अर्जाला "विचाराधीन आहे" असं उत्तर आलं असेल तर तिने वाट बघू नये. आमच्याकडे विचाराधीन म्हणजे त्यावर कोणीही विचार करत नाही. समोरच्याला नाही म्हणायची हिंमत नसते, तेव्हा तो शब्द लिहितात. माझ्या हातून अजून एकदाही लिहिला गेलेला नाही, एवढी फुशारकी मारून घेते.

तुझी खारूताई

२९ सप्टेंबर

खारूताई,

लहानपणी पेन्सिलींचे तुकडे उशीखाली साठवणारी पोर सरकारचे पैसे वाचवायला बसली, म्हणजे माणूस बरोबर जागी गेलं. तुझं पत्र मी गल्लीत वाचून दाखवलं, भांडी घासायचा भाग सोडून. तू घासलेली भांडी मी पाहिली आहेत.

पेन्शनची काळजी मिटली. मी वॉर्डात सिस्टर होते तेव्हा दर दोन वर्षांनी कोणीतरी येऊन सांगायचं की आता दवाखाना बंद होणार, म्हणून जीव जरा धास्तावतो इतकंच.

आता आमची बातमी. आम्हाला म्हातारपणी भटकायचं वेड लागलंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पहिली बस पकडायची, शहरात जायचं आणि संध्याकाळच्या बसने परत. ज्येष्ठांना पास फुकट आहे, मग घरी बसून भिंती कशाला बघायच्या? आणि बस म्हणजे आमची खासगी गाडीच समज. सहा-सात टाळकी असतात, बाकी सगळी बस रिकामी. येताना तुझे काका मागच्या लांब बाकावर आडवे होतात ते गाव येईपर्यंत. मी त्यांच्या डोक्याखाली माझी पिशवी देते. ड्रायव्हर इतका भला माणूस की थांबा नसला तरी थेट दारात नेऊन सोडतो.

शहरात इतकं काय असतं, असं विचारशील. काही नाही, बसायचं. ह्यांच्या ओळखी झाल्यात तिथे, एक शिंपीणबाई आणि एक निवृत्त मास्तर. शेजारी शेजारी बसून गप्पा मारतात, मास्तरांना झोप लागली की शिंपीणबाई त्यांच्या घोरण्याची नक्कल करते. मी बाहेर विणत बसते. तुझ्यासाठी स्वेटर होतोय, रंग तुला आवडणार नाही.

ह्यांना हल्ली पथ्याचं खूळ लागलंय. पाणीसुद्धा चहाच्या कपाने मोजून पितात आणि उन्हातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. म्हातारा माणूस, चालायचंच. तू मात्र वेळेवर जेवत जा.

तुझी आत्या

२० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. गेले दीड महिने त्या खोलीतून बाहेर पडले तर फक्त झोपायला. पण आज मन हलकं आहे, म्हणून आधी तुलाच लिहिते.

आकडा जमत नव्हता. वाचनालयं, बागा, खेळाची मैदानं, सरकारी बंगल्यांची रंगरंगोटी, सगळं झाडून झालं तरी फळ्यावर मोठी रक्कम उरायची. शेवटी साहेबांनी हळूच एक कागद पुढे सरकवला. पेन्शनला हात लावायचा नाही म्हणजे कमी करायची नाही, बरोबर? मग दोन वर्षं महागाईची वाढ थांबवायची. दवाखान्याला हात लावायचा नाही म्हणजे बंद करायचा नाही, बरोबर? मग केसपेपरला आणि औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीला थोडे पैसे घ्यायचे. शब्द मोडला नाही आणि पैसे मिळाले.

मी उभी राहिले, आत्या. म्हणाले, याला शब्द पाळणं म्हणत नाहीत. मी बाबांचं सांगितलं, औषधाची चिठ्ठी खिशात ठेवून परत जाणारी माणसं मी रोज बघत होते ते सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तेवढे पैसे दुसरे कुठून, ते सांगा."

आणि मला तुझी बस आठवली.

खरंच सांगते, तुझं पत्रच डोळ्यासमोर होतं, अख्खी रिकामी बस आणि मागच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपलेले काका. मी परिवहन खात्याकडून आकडे मागवले. तुमच्यासारख्या लहान गावांकडे जाणाऱ्या शेकडो फेऱ्या अशाच निम्म्याहून जास्त रिकाम्या धावतात आणि त्या चालवायला सरकार अनुदान देतं. ते अनुदान आणि फुकट पास, दोन्ही बंद केलं की साहेबांच्या कागदाइतकेच पैसे होतात. ही सूचना मी एका रात्रीत लिहून काढली. साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला आणि स्वतःचा तो पेन्शन-दवाखान्याचा कागद माझ्यासमोर फाडला.

तेव्हा तुमच्या सहलींवर कुऱ्हाड मीच घातली, हे कबूल करते. रागावशील तर रागाव. पण पेन्शन वाढीसकट शाबूत, केसपेपर फुकट, औषध फुकट. त्यापुढे आठवड्यातून तीन सहली म्हणजे चैनच की नाही? महिन्यातून एकदा टॅक्सी करा, पैसे मी देईन.

तुझी खारूताई

२ डिसेंबर

खारूताई,

पत्र मिळालं. तू उभी राहून बोललीस हे फार चांगलं केलंस. तुझ्या वडिलांना किती बरं वाटलं असतं.

बसचं म्हणशील तर ठीक आहे. एक विचारायचं होतं. सगळ्याच फेऱ्या बंद होणार की एखादी सकाळची राहील? आणि कधीपासून? हे अजून तुम्ही नुसतं सुचवलंय की पक्कं ठरलं? मधे कोणी बदलू शकतं का? इथे सगळे विचारतात म्हणून विचारते. एखादी फेरी राहणार असेल तर कळव. आठवड्यातून तीनच दिवस राहिली तरी चालेल.

तुझे काका मजेत आहेत. स्वेटरची एक बाही झाली.

आत्या

ता. क. सकाळची राहणार असेल तर आधी कळव.

१८ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी पोट धरून हसले. एवढं भटकायचं वेड? सकाळची बस राहील का, तीन दिवस राहील का, ताजा कलमातही तेच. शिंपीणबाईंच्या नकला इतक्या चांगल्या असतात की काय?

नाही गं, एकही राहणार नाही. काही ठेवायच्या आणि काही काढायच्या म्हटलं की प्रत्येक आमदार आपल्या गावाची फेरी घेऊन दारात उभा राहतो, म्हणून मीच आग्रह धरला की सरसकट बंद. मंत्र्यांची सही झाली, सभागृहात फेब्रुवारीत मांडतील आणि एक एप्रिलपासून लागू. आता ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही.

काकांना करमणार नाही म्हणून एक रेडिओ पाठवलाय. पलंगाशेजारी ठेवा आणि घरच्या घरी सहल करा.

तुझी खारूताई

६ एप्रिल

खारूताई,

रेडिओ चांगला आहे, आभार मानायचे राहून गेले. बरेच दिवस लिहिलं नाही. आज लिहिते ते नीट बसून वाच आणि वाचून झाल्यावर लगेच निघून येऊ नकोस.

आम्ही सहलीला जात नव्हतो. तुझ्या काकांची मूत्रपिंडं गेल्या वर्षी निकामी झाली. आठवड्यातून तीनदा शहरातल्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस करावं लागतं. चार तास मशीनवर पडून राहायचं, रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घालतात. शिंपीणबाई आणि मास्तर शेजारच्या मशीनवर असतात. ह्यांच्या डाव्या हातावर सुया टोचून टोचून गाठी झाल्यात, म्हणून बाह्यांचा सदरा. येताना अंगात त्राण नसतं, म्हणून मागचा बाक. बसमधली ती सहा-सात टाळकी म्हणजे मशीनवरून उठलेली माणसं आणि त्यांच्यासोबत आलेल्या माझ्यासारख्या बायका. ड्रायव्हर ज्या दारात सोडायचा ते दवाखान्याचं दार.

तुला कळवायचं नाही असं आम्हीच ठरवलं. तू तुझ्या वडिलांपायी दवाखान्याच्या बाकावर ऐन उमेदीची वर्षं घालवलीस. पुन्हा तुला त्या बाकावर बसवायचं नव्हतं. सहल हा शब्द ह्यांचा. पहिल्या दिवशी बसमध्ये चढताना म्हणाले, चला, सहलीला.

डिसेंबरातच सांगायला हवं होतं. कागद पुढ्यात घेऊन बसले होते. पण मला वाटलं, हे कळलं की तू उलटी फिरशील आणि मग साहेबांचा तो फाडलेला कागद परत येईल. केसपेपरला आणि चिठ्ठीला पैसे लागले की काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. लोक एक दिवसाआड गोळी खातात. म्हटलं, आपल्या एका बससाठी सगळ्यांच्या औषधाला पैसे कशाला पडायला हवेत? आपण टॅक्सी करू. टॅक्सीवाला एका खेपेचं काय घेतो ते तेव्हा मी विचारलं नव्हतं.

एक तारखेला बस आली नाही. तरी आम्ही थांब्यावर गेलो होतो, उगीच. मग दुधाच्या गाडीत पुढे दोघं दाटीने बसून गेलो. येताना गाडी नव्हती, टॅक्सी केली. परवाची खेप चुकली. काल रात्री ह्यांच्या नडगीवर बोट दाबून पाहिलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. पाणी साचतंय अंगात. ह्यांना म्हटलं, मोज्याचा वळ आहे.

मी खोटं लिहिलं आणि तू ते खरं मानलंस, यात तुझा काय दोष? तुला दोष द्यायला लिहीत नाही. फक्त एवढंच विचारते, लाज वाटते तरी विचारते, काही करता येईल का?

आत्या

२५ एप्रिल

आत्या,

तू येऊ नकोस म्हणालीस तरी मी आले, आणि काका झोपले होते ते बरं झालं. मी त्यांच्याशी काय बोलले असते? सदऱ्याची बाही वर गेली होती. मी ती खाली ओढली आणि निघाले.

स्टेशनावर जाताना थांब्यापाशी उभी राहिले. वेळापत्रकावर पांढरा कागद चिकटवलाय. "पुरेशा प्रवासीसंख्येअभावी या मार्गावरील सेवा बंद करण्यात येत आहे." ते माझं वाक्य आहे. माझ्या टिपणीत जसं होतं तसंच्या तसं उचललंय.

काय काय केलं ते लिहिते, कारण मी हातावर हात धरून बसले नाही हे तुला कळायला हवं. आधी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, अगदी मोज्याच्या वळापर्यंत. ते वाईट नाहीत, आत्या. त्यांनी दार लावलं, मला पाणी दिलं. म्हणाले, माझी आईही त्याच पेन्शनवर आहे. मग फळ्याकडे बघत म्हणाले, "फेरी परत चालू करायची तर तेवढे पैसे दुसरीकडून कापावे लागतील. कुठून कापू, ते तुम्ही सांगा." हेच त्यांनी नोव्हेंबरात विचारलं होतं. तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं. आता ज्या ओळीवर बोट ठेवू तिथे मला कोणाची तरी आत्या दिसते. मी बाहेर आले.

मग आरोग्य खात्यात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, डायलिसिसच्या पैशात आम्ही एका पैचीही कपात केलेली नाही, मशीन तयार आहे, नर्स हजर आहे. पेशंट दारापर्यंत कसा येतो ते परिवहनचं काम. परिवहनमध्ये गेले. ते म्हणाले, आम्ही प्रवासी मोजतो, पेशंट मोजत नाही, आणि तुमच्याच टिपणीवरून त्या मार्गाच्या गाड्या लिलावात निघाल्या, ड्रायव्हर घरी बसले. तो भला ड्रायव्हरसुद्धा. सगळ्यांचं बरोबर आहे. कोणीही खोटं बोललं नाही, कोणीही उद्धटपणे वागलं नाही. मला वाटत होतं कोणाशी तरी कडाकडा भांडावं, पण भांडायला समोर कोणी नव्हतं.

नुसती तुमच्या गावाची फेरी तरी सुरू करा म्हणावं, तर ती घरच्या माणसासाठी केली असं होतं. आणि सरसकट बंदचा आग्रह माझाच होता.

तुम्हा दोघांना इथे आणायचं म्हटलं तर माझी एक खोली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तो जिना मी काकांना उचलून चढवेन, पण इथल्या दवाखान्यात मशीनसाठी रांग आहे आणि बाहेरगावच्या माणसाचं नाव शेवटी लागतं. तरी लावून आले आहे.

राजीनामा देईन असं लिहिलं होतं ना मी? लिहून पर्समध्ये ठेवलाय. पण पगार थांबला तर टॅक्सीचे पैसे कुठून पाठवू? म्हणून रोज फळ्यासमोर जाऊन बसते. आकडा कमी झालाय. साहेबांनी परवा सगळ्यांना चहा दिला.

पैसे पाठवते आहे. कमी आहेत, माहीत आहे. मला काही सुचत नाही, आत्या.

खारू

२० मे

चि. खारूताईस,

काकांचे भरपूर आशीर्वाद. तू येऊन गेलीस आणि मी घोरत पडलो होतो. तुझ्या आत्याने मला उठवलं नाही, त्यावरून आमचा अर्धा दिवस अबोला झाला. शेवटी चहा कोणी करायचा यावरून बोलणं सुरू झालं.

आमच्या सहलीचं बिंग फुटलं हे कळलं. बरंच झालं. आता तुला मोकळेपणाने लिहिता येईल.

वाचनालयातून मी यंदाच्या अर्थसंकल्पाचं पुस्तक मागवून घेतलं. वाचनालय आता आठवड्यातून दोनच दिवस उघडं असतं, म्हणून जरा वाट पाहावी लागली. छपाई बरी आहे, रकाने सरळ आहेत, शाई मात्र फिकी. आमच्या वेळी हे पुस्तक छापताना आम्हाला छापखान्यातच कोंडून ठेवायचे, घरचा निरोपसुद्धा आत येत नसे. छापून झालं की मी नेहमी आधी पेन्शनचं पान बघायचो. या वेळीही तेच पाहिलं. एका रकान्यातही कात्री नाही. दवाखान्याच्या पानावर नाही. बोट फिरवून पाहिलं पोरी, आणि तुझ्या आत्याला हाक मारून म्हटलं, ही दोन पानं आपल्या खारूताईने राखली. गल्लीत मी सगळ्यांना सांगितलंय. माझ्याकडे बघायची लोकांची नजरच बदलली आहे.

एक ओळ मात्र खटकली. ग्रामीण बसगाड्यांची. ही कोणत्या गाढवाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. बंद खोलीत बसून बस रिकामी म्हणणारा हा शहाणा आयुष्यात एकदा तरी त्या बसमध्ये चढला असेल का? तू विरोध केला असशील याची मला खात्री आहे. एकट्या माणसाचं कोण ऐकतं? मनाला लावून घेऊ नकोस.

आमचं ठीक चाललंय. तुझी आत्या म्हणते, डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सुधारणा आहे, आता तीनदा यायची गरज नाही, दोनदा पुरे. म्हणजे बस बंद झाली ती अगदी वेळेवर. पाय थोडे जड वाटतात, पण ते बसून बसून, असं ती म्हणते, आणि ती सिस्टर होती, तेव्हा मी कोण बोलणार?

सोबत एक अर्ज जोडला आहे. सकाळची एक फेरी सुरू करावी, इतकीच विनंती आहे. मी स्वतः लिहिलाय, खाडाखोड नाही. खाली माझी आणि शिंपीणबाईंची सही आहे. मास्तरांची घ्यायची होती, पण ते मुलाकडे राहायला गेले म्हणे, न सांगताच. भला माणूस, पण सांगून तरी जायचं. हा अर्ज योग्य त्या टेबलावर नेऊन दे. आमच्यासाठी नाही, आमचं भागतंय. थांब्यावर अजून चार-पाच जण सकाळी येऊन उभे राहतात, त्यांना मी सांगून ठेवलंय की माझी भाची तिथेच आहे, ती बघेल.

तुझे काका

(याच पाकिटात, घडी घातलेली चिठ्ठी)

खारू, पाकीट मी चिकटवते म्हणाले, म्हणून ही चिठ्ठी घालता आली. डॉक्टरांनी दोनदा पुरे म्हटलेलं नाही. तुझे पैसे धरून टॅक्सीच्या दोनच खेपा होतात. मास्तर मुलाकडे गेलेले नाहीत. त्यांच्या एका आठवड्यात दोन खेपा चुकल्या होत्या.

ह्यांना तुझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. ते पुस्तक उशाशी घेऊन झोपतात आणि येईल त्याला ती दोन पानं दाखवतात. तेवढा वेळ पाय दुखत नाहीत म्हणतात. अर्जाला काहीतरी उत्तर दे. सरकारी कागदावर दे, त्यांना शिक्का बघायला आवडतो.

३० मे

ती. काका,

तुमचं पत्र आणि अर्ज दोन्ही मिळाले. अर्ज मी खोलीत सगळ्यांना दाखवला. इतकं स्वच्छ अक्षर आमच्याकडे कोणी पाहिलेलं नाही. मोठ्या साहेबांनी तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. शाई फिकी असल्याचं मी छापखान्याला कळवते.

त्या ओळीबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. ज्याने ती लिहिली त्याला मी ओळखते. तुम्ही म्हणता तसंच आहे, तो त्या बसमध्ये कधीच चढलेला नाही.

तब्येतीत सुधारणा आहे हे वाचून बरं वाटलं. पाय उशीवर उंच ठेवून झोपत जा. पाणी आत्या सांगेल तेवढंच प्या. स्वेटर मिळाला, मी तो घालते, रंग चांगला आहे असं आत्याला सांगा. मी पुढच्या महिन्यात येईन, तेव्हा मला तुम्हाला उठवायला लावू नका, जागेच राहा.

तुमच्या अर्जाचं उत्तर सोबत जोडलं आहे. शिक्का दोनदा मारून पाहिला, दुसरा नीट उमटला, तोच पाठवते. उत्तर एकाच ओळीचं आहे, पण मी ते कारकुनाला न देता स्वतः टाइप केलं. थांब्यावरच्या माणसांना दाखवायचं असेल तर दाखवा. "आपला अर्ज मिळाला. तो शासनाच्या विचाराधीन आहे."

तुमची
खारूताई